चमक वजा करणारे बाविस्कर सर

माझे वडील पारोळ्याच्या एका जिनिंगमध्ये हमाल होते. त्यांना आम्ही नाना म्हणत असू. सरकीची पोती वाहून वाहून त्यांच्या मानेमागे लिंबाएवढी गाठ आली होती. आई लोकांच्या शेतात कापूस वेचायची. दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने तिच्या बोटांची टोकं बोंडांनी ओरबाडलेली असत, म्हणून कालवणात मीठ टाकताना ती चिमूट न करता चमचा वापरायची. आम्ही पाच जण एका पत्र्याच्या खोलीत राहायचो. उन्हाळ्यात दुपारी त्या खोलीत थांबणं शक्य नसे. सगळं घर गल्लीतल्या निंबाखाली येऊन बसे. माझ्या आधी आमच्याकडे कोणाला सही करता येत नव्हती. मी बी.एस्सी. झालो, फिजिक्स घेऊन झालो, याचा मला आजही अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण एक वेळ अशी आली की ती पदवी हातात असूनही मी चोर ठरायच्या बेतात होतो. तेव्हा जो माणूस धावून आला, त्याच्याविषयी हे लिहितो आहे. धावून आला हे म्हणायचं म्हणून. ते धुळ्याहून एसटीने आले, आणि धापा टाकत आले.

बाविस्कर सर मला पहिल्यांदा दिसले ते उकिडवे बसलेले. धुळ्याच्या कॉलेजात माझा तिसरा की चौथा दिवस होता. इमारतीच्या मागे पाण्याचा सिमेंटचा हौद होता. त्याच्या काठावर एक सडसडीत माणूस बसलेला, एक डोळा मिटलेला, दुसऱ्या डोळ्यासमोर चिमटीत काहीतरी धरलेलं. मला वाटलं, शिपाई असतील, पाण्यात किल्ली पडली असेल.

"काही पडलं का?" मी विचारलं.

"पडलं नाही. तळ दिसतो का बघतोय. ये, तूही बघ."

त्यांनी माझ्या हातात नखाएवढा एक करडा, पातळ तुकडा दिला. हौदाच्या पाण्यावर आभाळ चमकत होतं, दुसरं काही दिसत नव्हतं. "डोळ्याला लाव. आता फिरव जरा. थांब. बघ." मी तुकडा फिरवला आणि पाण्यावरचं आभाळ कोणीतरी फडक्याने पुसल्यासारखं गेलं. तळाशी अर्धी वीट, शेवाळ आणि एक वाकडा चमचा होता.

"पाण्याला काय केलं?"

"पाण्याला कोण काय करणार, भाऊ. तुझ्या डोळ्यात फुकटचा प्रकाश येत होता, तो अडवला." मग उठता उठता गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "मी बाविस्कर. तुम्हाला प्रॅक्टिकलला आहे. चमचा काढून मेसमध्ये देऊन ये."

तो तुकडा म्हणजे पोलरॉइडची फिल्म. प्रयोगशाळेत त्याची एकच जोडी होती, तीही ओरखडे पडलेली, आणि हेडच्या कपाटात कुलूपबंद. सरांकडचे तुकडे वेगळ्या खाणीतले होते. त्या काळात आकडे दिसणारी डिजिटल घड्याळं नवी आली होती आणि भराभर बंदही पडत होती. त्या घड्याळांच्या काचेवर अशीच फिल्म चिकटवलेली असते. आग्रा रोडवरच्या दोन घड्याळवाल्यांना सरांनी सांगून ठेवलं होतं. मेलेली घड्याळं ते सरांसाठी डब्यात टाकत. सर ती घरी नेऊन ब्लेडने सोलायचे. त्यांच्या खिशात पेनाशेजारी नेहमी एक काड्यापेटी असे आणि तिच्यात काड्या नसत, हे तुकडे असत. बसची खिडकी, दुकानाची काच, केळीचं पान, चहाच्या बशीतला चहा, जे चमकेल त्याच्यासमोर ते तुकडा धरून फिरवत. स्टाफरूममध्ये त्यांना हसत. प्राचार्य एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "बाविस्कर, चष्म्याचं दुकान टाका. इथं डेमॉन्स्ट्रेटर म्हणून किती दिवस काढणार?" सर म्हणाले, "टाकतो साहेब. पहिला चष्मा तुम्हाला." आणि बशीतला चहा पुन्हा बघायला लागले.

शिकवण्याची त्यांची पद्धत पुस्तकातली नव्हती. ध्रुवण हा शब्द फळ्यावर लिहून ते वर्गाबाहेर घेऊन गेले. सायकल स्टँडच्या लोखंडी फाटकातून एक दोरी ओवली, एक टोक माझ्या हातात दिलं. "वर-खाली हलव." फाटकाच्या उभ्या गजांमधून दोरीची लाट पलीकडे गेली. "आता आडवी हलव." लाट गजांना आपटून अलीकडेच मेली. "प्रकाशही असाच हलतो. उन्हाचा प्रकाश सगळ्या बाजूंनी हलत येतो. पण पाण्यावरून, काचेवरून तिरपा उडून आलेला प्रकाश बहुतेक एकाच बाजूने हलतो. हा तुकडा म्हणजे फाटक. गज त्याच्या हलण्याला आडवे आले की तो उडून आलेला अडतो, वस्तूवरून आलेला थोडा तरी जातो. एवढंच आहे. पेपरात यापेक्षा जास्त लिहिलं तरी मार्क तेवढेच."

एकदा ते आमच्या घरी आले. एरंडोलला कोणाच्या तरी लग्नाला गेले होते, परत जाताना पारोळ्याला उतरले. आई गोंधळून गेली. कॉलेजातला मास्तर घरी आल्याची आमच्याकडे पद्धत नव्हती. सरांनी चहा घेतला आणि विचारलं, "विहीर कुठे आहे?" गल्लीच्या टोकाच्या विहिरीवर ते वाकले, खिशातून काड्यापेटी काढली. नाना मागे उभे.

"मास्तर, पानी ते तेच शे. तुमी इतला वाकीसन काय दखी राहिनात?"

सरांनी तुकडा नानांच्या हातात दिला आणि कसा फिरवायचा ते दाखवलं. नानांनी फिरवला. बराच वेळ बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "मनी बादली शे ती. दोन वरीस व्हयनात पडीसन."

दुसऱ्या दिवशी गळ टाकून बादली काढली. तिचं बूड गंजून गेलं होतं, उपयोग काही झाला नाही. पण नाना त्यानंतर मी काय शिकतो असं कोणी विचारलं की सांगायचे, "बुडेल बादली दिसस, ते."

सरांचा एक शब्दप्रयोग होता, तो मी पुढे आयुष्यभर ऐकत आलो आहे असं वाटतं: "होणार काही नाही, पण करून बघू." कुठलंही काम ते या वाक्याने सुरू करत. हे निराशेने म्हणत असं नाही. दमलेला माणूस घाट चढताना वर बघत नाही, समोरच्या पावलाकडे बघतो, तसं काहीसं. घरी बायको संधिवाताने अंथरुणाला खिळलेली, सकाळचा स्वयंपाक सर स्वतः करून येत. प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सही करताना त्यांच्या मनगटाला कधी कधी कणीक वाळलेली दिसे.

त्यांच्या डोक्यात मात्र एक मोठी गोष्ट होती. माणसाचा डोळा चमकेला फसतो, पण माणूस मान हलवतो, पुढे-मागे होतो, अंदाज बांधतो. कॅमेरा एका जागी ठोकलेला असतो, तो बिचारा जे येईल ते घेतो. पुढे जागोजागी कॅमेरे लागणार आणि ते कॉम्प्युटरला जोडणार, असं सर तेव्हा म्हणायचे, जेव्हा आम्ही कॉम्प्युटर फक्त मासिकातल्या चित्रात पाहिला होता. "त्या कॉम्प्युटरला कोण सांगणार की ही काच आहे आणि त्याच्यात दिसतंय ते झाड खरं नाही? मी सांगतो कोण सांगणार. एकाच जागेचे दोन फोटो घ्यायचे. एक तुकडा असा धरून, एक चतकोर फिरवून. फिरवल्यावर जे बदलतं ती चमक. जे बदलत नाही ती वस्तू. एकातून दुसरं वजा कर, संपलं." हे त्यांनी व्यवस्थित इंग्रजीत लिहून, घड्याळांच्या फिल्मने काढलेले फोटो चिकटवून एका संशोधनपत्रिकेला पाठवलं. चार महिन्यांनी परत आलं. साधनसामग्री अपुरी आहे, असं त्यावर लिहिलं होतं. मी त्या दिवशी प्रयोगशाळेत होतो. सरांनी पाकीट वाचलं, घडी घातली.

"बरोबर आहे त्यांचं. मेलेल्या घड्याळातून कोण शोध लावतं?"

"मग आता?"

"आता काय. साडेतीनची बॅच आहे."

मी पास झालो. नोकरीसाठी तीन-चार वर्षं इकडे-तिकडे केल्यावर जळगावच्या एमआयडीसीत सरकीच्या एका तेलगिरणीत भुईकाट्यावर लागलो. काम सोपं आणि जोखमीचं. सरकीने भरलेला ट्रक फाटकातून आला की भुईकाट्यावर घ्यायचा, वजन लिहायचं. माल उतरवून रिकामा ट्रक आला की पुन्हा वजन. दोन्हींतला फरक म्हणजे सरकी. काटा जुन्या पद्धतीचा होता; खोलीत बसून दांडीवरचं वजन सरकवून जुळवावं लागे, तेवढा वेळ मला जागचं हलता येत नसे.

काही वर्षं बरी गेली. मग तूट यायला लागली. काट्यावर जेवढी सरकी दिसे, तेवढी आत घाण्यापर्यंत पोचत नव्हती. फार नाही, गाडीमागे दोनेक क्विंटल, आणि तीही सगळ्या गाड्यांना नाही. शेठ माणूस वाईट नव्हते, पण व्यवहारी होते. गिरणीत एकच माणूस आकडा लिहीत होता आणि तो मी होतो. हमाल माझ्याकडे बघून बोलणं थांबवायला लागले. मॅनेजर म्हणाला, "भामरे, शिकलेले लोक सफाईने करतात, असं लोक म्हणतात. मी नाही म्हणत."

मला संशय होता. निमाडकडून येणाऱ्या एका दलालाच्या गाड्यांमध्ये भरल्या वजनाला केबिनमध्ये माणसं बसलेली असावीत आणि रिकाम्या वजनाला ती उतरत असावीत. तीन माणसं म्हणजे झाली दोन क्विंटल सरकी. नियमाने केबिनमध्ये एकटा ड्रायव्हर पाहिजे. पण केबिन उंच, बाजूच्या खिडक्यांना पडदे, आणि मी दांडीपाशी अडकलेला. एकदा मी काम टाकून गेलो आणि दार उघडायला लावलं. नेमका त्या गाडीत एकटा ड्रायव्हर निघाला. ड्रायव्हरने फाटकात तमाशा केला, "आम्ही चोर आहोत काय?" दलाल शेठच्या नात्यातला. मला सगळ्यांसमोर समज मिळाली.

गिरणीत वर्षापूर्वी चोरी झाली होती, तेव्हा शेठनी काट्यासमोर एक कॅमेरा लावला होता. काळा-पांढरा, मॅनेजरच्या खोलीत टीव्ही आणि टेप. कॅमेऱ्यात ट्रकची काच दिसे, पण काचेत नुसतं आभाळ. पोळ्याच्या सुमारास शेठनी मला बोलावलं. "भामरे, मी कोणाच्या पोटावर पाय देत नाही. पण दिवाळीपर्यंत ही तूट कुठे जाते ते मला दाखवा. नाहीतर दिवाळीनंतर येऊ नका." दाखवा म्हणाले. सांगा म्हणाले नाहीत.

नोकरी जाण्याचं मला दुःख होतं, खोटं कशाला सांगू. पण त्याहून जास्त हे होतं की पारोळ्याला बातमी जाणार होती. ज्या मालाची पोती वाहून नानांच्या मानेला गाठ आली, तोच माल त्यांच्या पोराने चोरला, अशी. मी रविवारी धुळ्याला गेलो.

सर तोपर्यंत पंचावन्नच्या पुढे गेले होते. अजून डेमॉन्स्ट्रेटरच. दम लागायचा. सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "कॅमेरा कुठे आहे? समोर की बाजूला?"

"बरोबर समोर."

"तिथंच चुकलं. समोरून बघशील तर फाटक कसंही फिरव, चमक तशीच. तिरपं बघावं लागतं." त्यांनी डब्यातून कोनमापक काढला. "होणार काही नाही, पण करून बघू."

पुढच्या रविवारी ते जळगावला आले. फोटो स्टुडिओवाल्या ओळखीच्या माणसाकडून एक खरा फिल्टर मागून आणला होता. गोल काच, लेन्सवर बसणारा, आणि बाहेरचं कडं फिरवता येणारा. शेठची परवानगी घेऊन आम्ही कॅमेरा बाजूच्या खांबावर नेला. तिथून ट्रकच्या पुढच्या काचेत आभाळ दिसत नव्हतं, समोरच्या गोदामाची चुना दिलेली भिंत दिसत होती, पांढरीधोप. सरांनी गिरणीचीच एक गाडी उभी करायला लावली, आत तीन हमाल बसवले, आणि कडं फिरवलं. भिंत विरत गेली. हमाल दिसले, दात काढून हसत होते. टेप घेऊन सर परत गेले, कारण त्यांना ते वजा करून बघायचं होतं.

कॉलेजात तेव्हा कॉम्प्युटर आले होते. त्या खोलीत चपला काढून जावं लागे आणि मशिनांना शिवलेले अभ्रे होते. सरांनी इंजिनिअरिंगला असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून टेपवरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं कार्ड मागून आणलं होतं. मी पुढच्या खेपेला गेलो तेव्हा मला मोठ्या कौतुकाने दाखवलं. दोन चित्रं आली. मग पडदा वरून खाली भरत गेला, तेवढ्या वेळात आमचा चहा झाला. भिंत गेली होती. केबिनमध्ये ठळक डोकी उरली होती. सरांनी डोकी मोजायचंही शिकवलं होतं त्याला. कॉम्प्युटरने आकडा दिला: पाच.

"सर, ड्रायव्हर धरून चारच होते."

सर चष्मा कपाळावर घेऊन पडद्याजवळ गेले. काचेच्या वर टांगलेला देवाचा गोल फोटो त्याने माणूस धरला होता.

"असू दे," सर म्हणाले. "देवाचंही वजन होतंच थोडं."

ते हसले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. बराच वेळ खुर्चीची पाठ धरून उभे होते.

नवरात्रात नव्या सरकीच्या गाड्या सुरू झाल्या, त्या दलालाची मात्र अजून यायची होती. शेठ बाहेरगावी होते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येतो, तेव्हा दाखवा, असा निरोप होता. मी निर्धास्त होतो. दसऱ्याच्या दिवशी गिरणी बंद, घाण्याची, काट्याची, सगळ्या यंत्रांची पूजा. दुसऱ्या दिवशी दुपारी शेठ मॅनेजरच्या खोलीत येऊन बसले, दलालालाही बसवलं. त्याचीच गाडी काट्यावर होती. मी टीव्ही लावला.

काच पांढरी. चुन्याच्या भिंतीशिवाय काही नाही.

मी तारा हलवल्या. टीव्हीची बटणं फिरवली. दलाल पानाचा डबा उघडत म्हणाला, "शेठ, पोरानं सिनेमा लावलाय, पण हिरोईन काही येत नाही." मला तेव्हा एवढंच सुचलं की दसऱ्यासाठी गोदामाला नवा चुना दिलाय, भिंत जास्त उजळली, म्हणून झालं. तेच मी शेठना सांगितलं. शेठ उठले. "भामरे, माणूस दाखवतो म्हणालात, चुना दाखवताय." आणि निघून गेले. दिवाळीला पंधरा-सोळा दिवस राहिले होते.

मी धुळ्याला गेलो तेव्हा सर अंथरुणावर होते. उशा रचून बसवलेले. मी चुन्याचं सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, मला वाटलं झोपले.

"चुन्याने प्रकाश वाढेल," थोड्या वेळाने म्हणाले. "त्याची हलायची दिशा कशी बदलेल? बी.एस्सी. केलंस ना?" हे त्यांनी रागाने म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. "कोणीतरी हात लावलाय."

"मी जाऊन बघतो."

"तू तेव्हाही बघितलंस. मी येतो."

त्यांच्या बायकोने आतून आवाज दिला, जाऊ नका म्हणून. "बसून जायचंय, चालत नाही," असं सर आतल्या बाजूला म्हणाले आणि पायताण शोधायला लागले. पारोळा, एरंडोल करत एसटी जळगावला पोचेपर्यंत ते खिडकीला डोकं टेकून होते.

फाटकावर आमचे वॉचमन लोटन आबा होते. साठीचे, एरंडोलकडचे, साधे. कॅमेऱ्याच्या खांबावर अजून दसऱ्याचं वाळलेलं झेंडूचं फूल लोंबत होतं. सरांनी ते बघितलं आणि आबांना विचारलं, "आबा, वर कोण चढलं होतं?"

"मीच चढनू साहेब. दसरा व्हता. पुसं, कुंकू लावं, झेंडूनं फूल ठेवं."

"आणि कडं?"

आबांना वाटलं शाबासकी मिळणार. "कडं ढिलं व्हतं. गयगय फिरे. मी कसी दिधं."

लेन्सवरचं कडं सैल आहे, पडेल, म्हणून त्यांनी जपून, घट्ट होईपर्यंत फिरवून ठेवलं होतं. चतकोर फिरलं होतं. तेवढं पुरेसं होतं. मी खाली मान घालून उभा होतो. फिजिक्सचा पदवीधर मी, आणि शिडी लावून वर बघायचं मला सुचलं नव्हतं.

सर आबांना एक अक्षर रागावले नाहीत. मला म्हणाले, "शेठना बोलाव. आत्ता कडं दुरुस्त करायचं नाही. शेठ बसल्यावर करायचं. आणि गाडी त्याच दलालाची पाहिजे, त्याला न सांगता."

शेठ यायला तयार नव्हते. मी त्यांच्या घरी जाऊन दारात उभा राहिलो. "धुळ्याहून आजारी माणूस आलाय," एवढंच म्हणालो. ते आले. दुपारी गाडी लागली. मी दांडीपाशी, आबा शिडीवर, शेठ टीव्हीसमोर, आणि सर मॅनेजरच्या खोलीच्या खिडकीत, तिथून टीव्हीही दिसे आणि शिडीही.

"आबा, फिरवा. हळू. अजून. अजून थोडं. हं, थांबा."

मला टीव्ही दिसत नव्हता. मला फक्त शेठचा आवाज आला.

"एक," ते म्हणाले. मग, "दोन. तीन."

नंतर टेपवर मी ते चित्र पाहिलं. पांढरी भिंत दुधात पाणी घातल्यासारखी पातळ होत जाते, ड्रायव्हरचे चाकावरचे हात येतात, काचेवर तिच्या आतल्या ताणामुळे हरभऱ्याएवढ्या ठिपक्यांची नक्षी उमटते, आणि मागच्या बाकावर गुडघे पोटाशी घेतलेली तीन माणसं. मधला निवांत केळं सोलत होता.

शेठ स्वतः उठून गाडीपाशी गेले आणि दार उघडलं. "उतरा. सावकाश उतरा, पडाल." तिघं उतरले. केळंवाल्याच्या हातात अजून अर्धं होतं. ते खावं की टाकावं हे त्याला कळेना. शेठनी मला खिडकीतून खूण केली. मी पुन्हा वजन घेतलं. दोन क्विंटलला थोडं कमी भरलं. मी आकडा मोठ्याने वाचला.

"भामरे," शेठ म्हणाले, "सरांना चहा सांगा." माफी म्हणायची ती एवढीच. मी सांगितला.

सर मात्र शिडीपाशी गेले होते. आबा रडवेले होऊन खाली उतरले होते. आपल्यामुळे काय झालं असतं ते त्यांना आता कळलं होतं. सर त्यांना म्हणाले, "आबा, पूजा दरवर्षी करा. फुलं वाहा, कुंकू लावा. फक्त फिरवू नका." आणि कड्याच्या फटीत लाखेचा थेंब सोडायला लावला.

संध्याकाळच्या गाडीला मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेलो. बाकावर बसल्यावर ते बराच वेळ श्वास जुळवत राहिले. मी म्हणालो, सर, हे आता पुन्हा लिहून पाठवा, आता साधनसामग्री अपुरी नाही. त्यांनी हात हलवला.

"वीस वर्षांत एक गाडी, तीन माणसं. एवढं दिसलं." मग म्हणाले, "पण दिसलं. तुझ्या डोळ्याला नाही, कॅमेऱ्याला दिसलं. मला तेच हवं होतं."

"तुम्ही दमलात."

"दमलो. तू नको दमू इतक्यात, तुला अजून नोकरी करायचीय."

गाडी लागली. वर चढायला त्यांना दांडा धरून दोनदा थांबावं लागलं. कंडक्टरने हात दिला.

ते पुन्हा जळगावला आले नाहीत. त्या हिवाळ्यात, साडेतीनच्या बॅचचे जर्नल तपासताना ते प्रयोगशाळेतच गेले. मला दोन दिवसांनी कळलं. मी धुळ्याला पोचलो तेव्हा घरात त्यांची बायको आणि शेजारच्या बायका होत्या. नाना माझ्याबरोबर आले होते. त्यांनी दारात टोपी काढून हातात धरली आणि बाहेरच बसून राहिले. कोणी बोलायला आलं तर सांगायचे, "मना पोऱ्याना मास्तर व्हता."

त्या दलालाच्या गाड्या बंद झाल्या. सर जाण्याआधीच, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, शेठनी मला कायम केल्याचं पत्र दिलं होतं. आमच्या घरात आलेलं ते पहिलं नेमणूकपत्र. तेव्हापासून त्या गिरणीत भरल्या आणि रिकाम्या, दोन्ही वजनांच्या वेळी कॅमेऱ्यात केबिन बघूनच आकडा लिहायचा, असा नियम झाला. तूट थांबली. मी पुढे त्या काट्यावर अकरा वर्षं बसलो आणि माझ्याकडे बघून कोणी बोलणं थांबवलं नाही.